दीड कोटी गॅलेक्सी आणि मडकईतलं एक माडांचं भाट

मार्च २०२५ मध्ये बातमी आली होती, "डार्क एनर्जी कमजोर होतेय", आठवत असेल. डार्क एनर्जी म्हणजे ज्याच्यामुळे विश्व वाढत्या वेगाने फुगतंय असं मानतात ते. तेव्हापासून ती अधूनमधून परत परत येतेच आहे, कधी "आइन्स्टाईन चुकले" अशा मथळ्याने तर कधी "विश्वाचा शेवट वेगळाच होणार" अशा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये. मी गोव्यात फोंड्याला स्टॅटिस्टिक्स शिकवतो, त्यामुळे ओळखीच्या तिघाचौघांनी मला ती पाठवली आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, की हे यांना कळलं कसं, डार्क एनर्जी बघितली कोणी? एकदम बरोबर प्रश्न आहे, कारण कोणीच बघितलेली नाही. दुर्बिणीने गोळा केल्या त्या फक्त गॅलेक्सींच्या जागा, सुमारे दीड कोटी, आणि बाकी सगळं निघालं ते त्यांच्यातल्या अंतरांच्या हिशेबातून. हा हिशेब मला त्या बातमीपेक्षाही आवडतो, आणि गणिताचं नाव काढलं की उठून जाणाऱ्या माणसालाही तो कळू शकतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी गॅलेक्सी म्हणजे काय ते

आपला सूर्य ज्या अब्जावधी ताऱ्यांच्या घोळक्यात आहे त्याला आपण आकाशगंगा म्हणतो, आणि असे घोळके विश्वात अगणित आहेत, त्यातला एकेक म्हणजे गॅलेक्सी. पुस्तकी मराठीत दीर्घिका. अंतरं सांगताना प्रकाशवर्ष वापरतात, म्हणजे प्रकाश एका वर्षात जितका जातो तेवढं, साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

आता रात्रीच्या विमानाने मोपाला किंवा दाबोळीला उतरताना खाली बघितलंय का कधी? दिवे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, नदीकाठाने, रस्त्याच्या कडेने माळा असतात, पणजी-मडगावसारख्या ठिकाणी झुबके, आणि मध्ये सड्यांचे, खाजन शेतांचे, डोंगरांचे काळे तुकडे. गॅलेक्सींचंही असंच आहे. १९८६ साली व्हॅलेरी द लापरां, मार्गरेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाच्या एका पातळ कापातल्या सुमारे ११०० गॅलेक्सींचा नकाशा छापला, त्यात मोठाल्या रिकाम्या पोकळ्या आणि त्यांच्या कडेकडेने दाटलेल्या गॅलेक्सी इतक्या स्पष्ट होत्या की लोक चकित झाले. पुढचे नकाशे मोठे होत गेले आणि जाळं तसंच राहिलं, दोरे, भिंती, गाठी, पोकळ्या. यालाच विश्वाची मोठ्या प्रमाणावरची रचना म्हणतात.

दिसतंय तर खरं, मग मोजायचं कशाला?

कारण आपले डोळे या कामात भरवशाचे नाहीत. अंगणात समजा १०० फरशा आहेत आणि पहिल्या पावसाचे बरोबर १०० थेंब पडले. थेंबांना एकमेकांची काही पडलेली नाही, जिथे पडायचं तिथे पडतात. बहुतेकांना वाटतं की साधारण प्रत्येक फरशीवर एकेक थेंब येईल. प्रत्यक्षात सरासरीने ३७ च्या आसपास फरशा कोऱ्या राहतात, १८ एक फरशांवर दोन-दोन थेंब पडतात आणि ८ वर तीन किंवा जास्त. म्हणजे काहीही कारण नसताना पोकळ्या तयार होतात आणि झुबकेही. आणि आपलं डोकं असं की तीन थेंब ओळीत दिसले की लगेच त्यात रेघ बघतं, वाघ बघतं, माणूस बघतं, सगळी नक्षत्रं अशीच तर तयार झाली.

म्हणून खरा प्रश्न असा की जे झुबके दिसतात ते नुसत्या योगायोगाने झाले असते त्यापेक्षा जास्त आहेत का, आणि असले तर किती जास्त, आणि किती अंतरावर. हे "किती" आलं की स्टॅटिस्टिक्स आलं.

जोड्या मोजायच्या, बस

पद्धत ऐकायला इतकी साधी आहे की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. प्रत्येक दोन गॅलेक्सींची जोडी घ्यायची, त्यांच्यातलं अंतर लिहायचं, पुढची जोडी घ्यायची.

मडकईला माझ्या मामाचं माडांचं भाट, म्हणजे माडांची बाग, आहे. समजा तिथे ४० माड आहेत, तर जोड्या होतात ७८०. माड लावताना साधारण २५ फुटांचं अंतर सोडतात. आता तुम्हाला भाट दाखवलंच नाही, मामाने काय अंतर ठेवलं तेही सांगितलं नाही, फक्त त्या ७८० अंतरांची यादी हातात दिली, तरी तुम्ही ओळखाल, कारण १० फुटांवर एकही जोडी नाही आणि २५ फुटांवर एकदम भरपूर. थोड्या पुढे ३५ फुटांवर परत एक उंचवटा येईल, तो चौकोनाच्या कर्णाचा. त्यातले आठ-दहा माड वादळात पडले, चार वाकडे वाढले, कोणी मध्येच एखादा नवीन लावला, तरी २५ चा उंचवटा यादीतून पुसला जात नाही, थोडा बसका होतो एवढंच. लावणाऱ्याचा हात यादीत राहतोच.

आता वर डोंगराच्या उतारावर या, जिथे काजू आपोआप उगवलेत. बी मूळ झाडाच्या आसपास पडते आणि तिथेच रुजते, त्यामुळे इथे कमी अंतराच्या जोड्याच जास्त आणि अंतर वाढेल तशी ती वाढ ओसरत जाते. म्हणजे जोड्यांच्या यादीवरूनच कळतं, ही लावलेली झाडं, ही आपोआप उगवलेली, आणि हे अंगणातले थेंब.

एखाद्या अंतरावर नुसत्या योगायोगाने जितक्या जोड्या आल्या असत्या त्यापेक्षा प्रत्यक्षात किती जास्त आहेत, या आकड्याला कोरिलेशन फंक्शन म्हणतात. हा शब्द मी पुढे फारसा वापरणार नाही, "जोड्यांची वाढ" म्हणू.

हे काम आजचं नाही. १९५० च्या दशकात बर्कलीतले स्टॅटिस्टिशियन येर्झी नेमन आणि एलिझाबेथ स्कॉट यांनी गॅलेक्सींच्या झुबक्यांचं गणित मांडलं. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत डोनाल्ड शेन आणि कार्ल विर्टानेन फोटोच्या काचा भिंगाखाली धरून डोळ्यांनी गॅलेक्सी मोजत होते, एकेक करून, आणि ती मोजणी दहा लाखांच्या आसपास गेली. या कामाचा विचार केला की मला नमस्कार करावासा वाटतो. त्यांच्या आकड्यांवर १९६९ मध्ये जपानच्या तोत्सुजी आणि किहारा यांनी आणि नंतर प्रिन्स्टनच्या जिम पीबल्सनी जोड्यांचा हिशेब लावला, आणि गॅलेक्सी काजूंसारख्या निघाल्या, जवळ दाट आणि लांब विरळ. साधारण २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षांवर दुसरी गॅलेक्सी सापडण्याची शक्यता योगायोगाच्या दुप्पट असते. कारण गुरुत्वाकर्षण, जिथे आधीच थोडं जास्त होतं तिथे आणखी ओढलं गेलं. पीबल्सना २०१९ मध्ये नोबेल मिळालं.

खोटं आकाश

इथे एक अडचण आहे, आणि मला तर या सगळ्यातला सगळ्यात हुशारीचा भाग तिच्या उत्तरातच दिसतो. "योगायोगाने किती जोड्या आल्या असत्या" हे ठरवायचं कसं? भाटाला मेर, म्हणजे हद्द, आहे, मध्ये घर आहे, एका बाजूने खाडी आलीय. मेरेजवळच्या माडाला पलीकडे शेजारीच नाहीत, म्हणून त्याच्या जोड्या कमी, पण तो काही लावणाऱ्याचा गुण नाही, ती जागेची मर्यादा. आकाशातही असंच आहे, आपल्याच आकाशगंगेच्या धुळीने एक अख्खा पट्टा झाकलाय, मध्येच एखादा तेजस्वी तारा आजूबाजूचं सगळं दिपवून टाकतो, आणि लांबच्या गॅलेक्सी फिकट म्हणून यादीतून गळतात.

उपाय काय केला, तर एक खोटं आकाश बनवायचं. कॉम्प्युटरला सांगायचं की बिलकुल त्याच मर्यादेत, तीच खाडी, तेच घर, तीच धूळ धरून, पावसाच्या थेंबांसारखे बिंदू टाक, आणि खऱ्या गॅलेक्सींच्या कितीतरी पट टाक, दहापट, वीसपट, पन्नासपट. मग खऱ्याखऱ्यांच्या जोड्या मोजायच्या, खोट्याखोट्यांच्या मोजायच्या, आणि खऱ्याखोट्यांच्या मिश्र पण मोजायच्या. या तिन्ही एकत्र करायचं जे सूत्र आज बहुतेक सगळे वापरतात ते स्टीफन लँडी आणि अलेक्झांडर सालाय यांनी १९९३ मध्ये दिलं, आणि त्याची खुबी अशी की कडेच्या गोंधळाने होणारी चूक त्यात खूप कमी होते. जागेची मर्यादा दोन्ही आकाशांत सारखी, म्हणून ती वजा होते आणि उरतं ते खरं.

हे इतकं नाजूक आहे की खोट्या आकाशात धुळीचा हिशेब थोडा जरी चुकला तरी नसलेला झुबका "सापडतो". या लोकांचा कितीतरी वेळ त्या तपासणीतच जातो.

तळीतल्या लाटा आणि ४९ कोटी प्रकाशवर्षांची पट्टी

आता काजूंच्या डोंगरात माडासारखा एक उंचवटा लपलाय, ती गोष्ट.

विश्व अगदी तरुण असताना इतकं तापलेलं होतं की पदार्थ आणि प्रकाश एकात एक मिसळून गेलेले होते, आणि त्यात जिथे जिथे थोडी जास्त दाटी होती तिथून दाबाची लाट बाहेर निघायची, आवाजाची लाटच ती, पण वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त. देवळाच्या तळीत मूठभर खडे फेकले की प्रत्येक खड्याभोवती वर्तुळ पसरतं ना, तसं. मग सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व थंड झालं, अणू तयार झाले, प्रकाश सुटा झाला, आणि लाट जिथे पोचली होती तिथेच थांबली. तळीचं पाणी एका क्षणात गोठलं असं समजा. सगळे खडे वेगवेगळ्या जागी पडले पण लाटा एकाच वेळी निघाल्या आणि एकाच वेळी थांबल्या, म्हणून प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या सारखीच. त्या वेळी ती साडेचार लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होती, नंतर विश्व अकराशे पट फुगलं, म्हणून आज ती साधारण ४९ कोटी प्रकाशवर्षं.

वर्तुळाच्या मध्यावर आणि कडेवर थोडा जास्त पदार्थ, म्हणून तिथे थोड्या जास्त गॅलेक्सी. थोड्या म्हणजे किती? त्या अंतरावर जोड्यांची वाढ शेकड्याला जेमतेम एक. नकाशात डोळ्यांनी असं वर्तुळ शोधायला जाल तर ते दिसणार नाही, कारण लाखो वर्तुळं एकमेकांवर पडलीत. पण जोड्या मोजल्या तर दिसतं. २००५ मध्ये स्लोन सर्व्हेच्या, म्हणजे आकाशाचा नकाशा करणाऱ्या अमेरिकेतल्या एका मोठ्या मोजणीच्या, ४६,७४८ लाल तेजस्वी गॅलेक्सींत डॅनियल आयझेनस्टाइन आणि त्यांच्या टीमला तो उंचवटा सापडला, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून केलेल्या दुसऱ्या सर्व्हेत, सुमारे २ लाख २० हजार गॅलेक्सींत, वेगळ्या पद्धतीने दुसऱ्या टीमलाही. दोन वेगळ्या दुर्बिणी, दोन वेगळ्या याद्या आणि खूण तीच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग यात डार्क एनर्जी आली कुठून?

मांडवीवरच्या पुलावरचे दिवे रात्री बघा. जवळचे दिवे सुटे सुटे दिसतात आणि लांबचे दाटीने, पण आपल्याला माहीत असतं की दोन खांबांतलं अंतर सारखंच आहे. म्हणून किती दाटीने दिसतात त्यावरून ते किती लांब आहेत हे काढता येतं. ते ४९ कोटी प्रकाशवर्षांचं अंतर म्हणजे विश्वातले सारख्या अंतरावरचे खांब. लांबच्या गॅलेक्सी म्हणजे जुना काळ, कारण त्यांचा प्रकाश निघून अब्जावधी वर्षं झाली. तर वेगवेगळ्या काळातल्या गॅलेक्सींत ही खूण आकाशात किती मोठी दिसते ते मोजलं की विश्व कधी किती वेगाने फुगत होतं त्याचा इतिहास मिळतो.

१९९८ मध्ये स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून, म्हणजे सुपरनोव्हांवरून, कळलं की हे फुगणं वाढत्या वेगाने चाललंय, आणि ज्याच्यामुळे ते होतं त्याला नाव दिलं डार्क एनर्जी. विश्वाच्या हिशेबात तिचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास. आतापर्यंत सगळ्यात साधा समज असा की तिची घनता काळाप्रमाणे बदलत नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या किट पीकवर चार मीटरच्या दुर्बिणीला डेसी नावाचं यंत्र बसवलंय, त्यात ५००० फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक काचेच्या तारा, आहेत आणि प्रत्येक फायबर आपोआप हलून एकेका गॅलेक्सीवर रोखला जातो. २०२१ पासूनच्या पहिल्या तीन वर्षांत त्याने जवळपास दीड कोटी गॅलेक्सी आणि क्वेसार (म्हणजे अतितेजस्वी गाभ्याच्या लांबच्या गॅलेक्सी) टिपले, ११ अब्ज वर्षांचा इतिहास, आणि त्या आकड्यांना इतर मोजमापांशी जोडलं तर "बदलत नाही" यापेक्षा "बदलतेय, अलीकडे कमी होतेय" हे चित्र जास्त चांगलं बसतं. ती मूळ बातमी एवढीच आहे.

पण अंतरच चुकीचं असलं तर?

ही शंका रास्त आहे. गॅलेक्सी जितकी लांब तितका तिचा प्रकाश विश्वाच्या फुगण्यामुळे ताणला जाऊन लाल रंगाकडे सरकतो, आणि हे सरकणं मोजून अंतर काढतात. पण गॅलेक्सी स्वतःही इकडेतिकडे फिरत असतात, मोठ्या झुबक्यात सेकंदाला हजार किलोमीटरसुद्धा, आणि तो वेगही त्या सरकण्यात मिसळतो. परिणाम असा की गोल झुबका नकाशात आपल्याकडे रोखलेल्या लांब बोटासारखा दिसतो, खगोलवाले त्याला देवाची बोटं म्हणतात. उलट खूप मोठ्या पसाऱ्यात गॅलेक्सी दाटीकडे ओढल्या जात असतात म्हणून नकाशा चेपल्यासारखा दिसतो, याचं गणित निक कैसर यांनी १९८७ मध्ये केलं. गंमत म्हणजे ही चूक आता कामाची झालीय, कारण चेपलं किती यावरून गुरुत्वाकर्षण किती जोरात ओढतंय ते कळतं. आणि ४९ कोटीची खूण इतकी लांब आहे की या फिरण्याने ती थोडी पुसट होते, जागची फारशी हलत नाही.

विश्व तर एकच आहे, मग सँपल कसलं?

माझे विद्यार्थी हे विचारतात तेव्हा मला फार आनंद होतो. निवडणुकीचा सर्व्हे परत करता येतो, विश्व परत करता येत नाही.

इथे जयंत नारळीकरांची आठवण काढायलाच पाहिजे, २० मे २०२५ ला पुण्यात गेले ते. १९६१ मध्ये केंब्रिजला मार्टिन राइल यांनी रेडिओ लहरी सोडणाऱ्या गोष्टींची मोजणी करून दाखवलं की फिकट स्रोत जरा जास्तच आहेत, म्हणून स्थिर विश्वाचा सिद्धांत, म्हणजे विश्व कायम असंच होतं आणि राहील हा समज, चूक. तेव्हा फ्रेड हॉइल आणि त्यांचा विद्यार्थी नारळीकर यांनी असं मांडलं की विश्वात कोट्यवधी प्रकाशवर्षांचे मोठाले गठ्ठे असतील तर आपण कुठल्या गठ्ठ्यात बसून मोजतोय त्यावर मोजणी बदलेल. पुढे स्थिर विश्वाच्या विरोधात बाकी पुरावे आले, पण शंका खोल होती आणि गठ्ठे तर खरोखरच निघाले. २०१७ मध्ये पुण्यातल्याच शास्त्रज्ञांनी स्लोनच्या आकड्यांतून सरस्वती नावाचा सुपरक्लस्टर, म्हणजे गॅलेक्सींच्या झुबक्यांचा झुबका, शोधला, आपल्यापासून चार अब्ज प्रकाशवर्षं दूर आणि जवळपास ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला.

आज उत्तर दोन बाजूंनी देतात. एक, नकाशाचे तुकडे पाडायचे आणि दर वेळी एक तुकडा वगळून सगळा हिशेब परत करायचा, एखाद्या तुकड्यामुळेच उत्तर हलत असेल तर ते लगेच कळतं. दोन, कॉम्प्युटरवर शेकड्यांनी, कधी हजारांनी विश्वं बनवायची, सगळ्यांचे नियम एकच पण सुरुवातीचे खडे वेगळे, आणि प्रत्येकाचा उंचवटा मोजायचा. त्यांच्यात आपसात जितका फरक पडतो तितकी आपल्या एका विश्वाच्या मोजणीतली अनिश्चितता. शिवाय डेसीवाल्यांनी आकडे बघायच्या आधी त्यात मुद्दाम एक गुप्त फेरफार घातला होता, पद्धत पूर्ण ठरेपर्यंत खरं उत्तर कोणालाच दिसू नये म्हणून, म्हणजे हवं ते उत्तर येईपर्यंत पद्धत बदलत राहायचा मोह टळतो.

४.२ सिग्मा म्हणजे सिद्धच झालं ना?

नाही. आणि इथे बहुतेक बातम्या घसरल्या. सुपरनोव्हांच्या तीन याद्या आहेत, त्यातली कुठली जोडली त्यावर मार्च २०२५ मध्ये डेसीचा आकडा २.८ ते ४.२ सिग्मा आला. सिग्मा म्हणजे समजा डार्क एनर्जी खरोखर बदलत नाही, तर नुसत्या योगायोगाने असे आकडे यायची शक्यता किती कमी, याचं माप. २.८ म्हणजे साधारण २०० मध्ये एकदा, नाणं सात-आठ वेळा उडवलं आणि प्रत्येक वेळी छापा. ४.२ म्हणजे साधारण ३७ हजारांत एकदा, ओळीने पंधरा छापे. शोध लागला असं म्हणायला या क्षेत्रात ५ लागतात, ते साडेसतरा लाखांत एकदा, एकवीस छाप्यांच्या जवळ.

पण "योगायोगाने असं व्हायची शक्यता ३७ हजारांत एक" आणि "दावा खरा असायची शक्यता ३७ हजारांत ३६,९९९" या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. सुपरनोव्हांच्या यादीतच कुठे मापाची चूक असेल, तर सिग्माला ती कळत नाही, तो फक्त योगायोगाचाच हिशेब करतो. तीन याद्यांनी तीन वेगळे सिग्मा यावेत यातच मला ती शंका दिसते, म्हणून आज तरी मी याला दमदार इशारा म्हणेन, सिद्ध झालंय असं म्हणणार नाही.

जोड्यांना काय दिसत नाही

एक कबूल केलं पाहिजे, जोड्यांच्या यादीवरून आकार कळत नाही. लांब दोऱ्यांचं जाळं आणि नुसते ढगासारखे पुंजके, दोन्हींची जोड्यांची यादी सारखी असू शकते. म्हणून तीन-तीन गॅलेक्सींचे त्रिकोण मोजतात. १९८५ मध्ये बॅरो, भावसार आणि सोनोडा यांनी दुसरी युक्ती आणली, गावातली सगळी घरं कमीत कमी वायरने जोडायची तशी सगळ्या गॅलेक्सी कमीत कमी रेषेने जोडायच्या, मग दोरे आपोआप उठून दिसतात. आणि १९९८ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन केंद्रातले वरुण साहनी, त्यांच्याबरोबर सत्यप्रकाश आणि शांदारिन, यांनी एखाद्या गाठीचं आकारमान, पृष्ठभाग आणि वळण यावरून तिची लांबी, रुंदी, जाडी काढायची रीत दिली, म्हणजे ही सुपारीसारखी, ही भाकरीसारखी की ही दोरीसारखी हे आकड्यात सांगता येतं.

डेसीचं काम अजून चालू आहे, युरोपची युक्लिड दुर्बीण १ जुलै २०२३ ला वर गेलीय आणि तीही गॅलेक्सी मोजतेय. पुढचे मोठे आकडे आले की मथळ्याच्या आधी मी दोन गोष्टी बघणार, सुपरनोव्हांच्या तीन याद्या एकमेकींच्या जवळ आल्या का, आणि सुपरनोव्हा पूर्ण बाजूला ठेवून, फक्त त्या ४९ कोटीच्या पट्टीवर आणि विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशावर हिशेब केला तर आकडा किती येतो. मार्च २०२५ ला तो ३.१ होता.